मनगटावरच्या नापास रिंगा

कामात आनंद शोधा, असं सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. ती नेहमी दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलत असतात. आमच्या कारखान्यात असा एक माणूस येऊन गेला. त्याच्याबद्दल मी पुढे सांगेन, पण आधी रिंगांबद्दल सांगावं लागेल, कारण माझी बाजू त्यांच्यातच आहे.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. पाण्याच्या दोन पाइपांच्या सांध्यात जी काळी रबरी रिंग बसते ती तिथे तयार होते. साच्यातून निघालेल्या रिंगा तपासणीच्या खोलीत एका लांब टेबलावर ओततात. टेबलाभोवती आठ बायका बसतात. चांगल्या रिंगा पिशवीत जातात, वाईट बाजूला. साच्याच्या जोडावर कधीकधी रबराचा केसाएवढा पातळ पापुद्रा राहतो. कागदावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. बायका त्याला मिशी म्हणतात. मिशी असलेली रिंग बसवली की सांधा गळतो.

मी सापगावची. शाळा शहापूरला, इंग्रजी माध्यमाची, पुढे रसायनशास्त्राची पदवी. मला या खोलीवर देखरेखीला ठेवलं, एक भिंग, एक मोजपट्टी आणि फॉर्मचा गठ्ठा देऊन. काचेच्या आडोशामागे एक खुर्चीही दिली. तो आडोसा मला फार बरा वाटला. माणसांशी बोलायचं म्हणजे मला आधी वाक्य मनात जुळवावं लागतं, ते दोनदा तपासावं लागतं आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो. म्हणून मी लोकांच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हातांकडे बघते.

पहिल्याच आठवड्यात हातांकडे बघताना मला दिसलं की बायका रिंगा मनगटात घालतायत. एक रिंग उचलली, बोटांतून फिरवली आणि घातली डाव्या हातात. दुपारपर्यंत कोणाच्या हातात दहा, कोणाच्या पंधरा काळ्या बांगड्या. कोपराशी सरकवून परत कामाला लागायच्या. सर्वांत जास्त बांगड्या टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या बाईच्या हातात असायच्या. ती म्हसा गावची, पन्नाशीची, या टेबलावर सगळ्यांत जुनी. काम करताना ती रिंगेकडे बघायचीच नाही, खिडकीबाहेर बघायची.

मला तो चावटपणा वाटला. मालाशी खेळतायत, लक्ष बाहेर आहे. विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण विचारायला तोंड उघडावं लागलं असतं, आठ जणींसमोर. लिहिणं सोपं होतं. मी एक पानभर इंग्रजी अहवाल लिहिला. त्यात ‘कामगार उत्पादनाचा दागिन्यांसारखा वापर करतात’ अशा अर्थाचं एक वाक्य होतं, आणि खरं सांगायचं तर ते जमल्याचा मला अभिमान वाटला होता.

मॅनेजर खूश झाले. “बघा, शिकलेला माणूस ठेवला की फरक पडतो. प्रोसेस म्हणजे प्रोसेस.” दुसऱ्या दिवशी प्रत्येकीसमोर एक लाल ट्रे आला. वाईट रिंग हातात न घालता ट्रेमध्ये टाकायची, मनगट रिकामं पाहिजे. सूचना मराठीत भाषांतर करून भिंतीवर लावायचं काम माझंच. त्यात मी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं, ते टेबलावरच्या सगळ्यांत लहान पोरीने मोठ्याने वाचून दाखवलं.

म्हशाच्या बाईने हातातल्या रिंगा एकेक काढल्या आणि ट्रेमध्ये ठेवल्या.

“काय गो, तुझ्या भिंगातून आमच्या बांगड्या पन दिसल्या?” ती म्हणाली. “बरंय. आमाला वाटलं, नुसती मिशीच दिसते.”

सगळ्या हसल्या. मी वाक्य जुळवत होते. जुळेपर्यंत त्या कामाला लागल्या होत्या.

त्या दिवसापासून माझं नाव इंग्लिश पडलं. तोंडावर म्याडम, मागे इंग्लिश. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. जेवणाच्या सुट्टीत त्या बाहेर शेडखाली बसायच्या, मी आडोशामागे डबा उघडायचे. एकदा मी बाहेर गेले तर एकीने पदर पसरून उरलेली जागा भरून टाकली. माझीही त्यांच्याबद्दल फार चांगली मतं नव्हती. मला त्या आगाऊ वाटायच्या, आणि आपण त्यांच्यापेक्षा जास्त जाणतो असं वाटायचं. हे आता लिहायला बरं वाटत नाही, पण वाटत होतं.

दोन-अडीच महिन्यांनी माल परत आला. पाइप बसवणाऱ्यांनी फोटो पाठवले होते. सांध्यातून पाणी गळतंय, आणि तळहातावर रिंगा धरलेल्या, प्रत्येकीला मिशी. आमच्याकडे प्रत्येक पिशवीवर तपासणारीचा क्रमांक असतो. परत आलेल्या पिशव्यांवर जास्त करून एकच क्रमांक होता, म्हशाच्या बाईचा.

मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. “तिचे डोळे गेलेत. वय झालं. ठेकेदाराला सांगतो, शनिवारपासून दुसरी बाई पाठवेल. तुम्ही फॉर्म भरा. मूळ कारणाच्या रकान्यात लिहा, कामगाराची चूक.”

मी फॉर्म घेऊन आडोशामागे बसले. दिवस गुरुवारचा. त्या रकान्यात दोन शब्द लिहायचे होते. ती बाई रिंगेकडे बघतच नाही, मग तिचे डोळे जाऊन काय बिघडणार, असा एक आडमुठा विचार मनात आला आणि जाईना.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हा मी तिच्या स्टुलावर बसले. समोर रिंगांचा ढीग होता, शेजारी लाल ट्रे आणि त्याला लागून चांगल्या रिंगांची उघडी पिशवी. तिच्यासारखी एक रिंग उचलून मी ट्रेमध्ये टाकली. दुसरी टाकली. तिसरी ट्रेच्या तळावर आपटली, उडाली आणि गुपचूप पिशवीत जाऊन बसली. मी पिशवीत डोकावले. कोणती होती ती? सगळ्या सारख्याच काळ्या.

रबरच ते, उडणारच. मनगटात घातलेली वाईट रिंग उडत नाही. ती चांगल्यांच्या पिशवीत जाऊच शकत नाही. प्रयोगशाळेत तासनतास उभं राहून शिकलेल्या माझ्या रसायनशास्त्राला हे सुचलं नव्हतं, आणि जी बाई सर्वांत भरभर काम करते, सर्वांत जास्त वाईट रिंगा पकडते, तिच्याच ट्रेमधून सर्वांत जास्त उडणार, हे तर कोणालाही समजलं असतं.

दारात ती उभी होती. हात धुऊन आलेली, पदराला पुसत.

“माझ्या जागंवर बसून बघतेस काय? ठेकेदार बोलला, शनिवारपासून रिकामीच हाय. मग बस सावकाश.”

“या उडतात,” मी म्हणाले.

“आत्ता कळलं?”

“तुम्ही सांगितलं का नाही?”

“तू इचारलंस का?”

मी ट्रे उचलला, मूठभर रिंगा घेतल्या आणि केबिनमध्ये गेले. बोलता येणार नाही हे माहीत होतं, म्हणून बोललेच नाही. मॅनेजरच्या टेबलावर ट्रे ठेवला आणि रिंगा टाकायला लागले. ते फोनवर होते. पहिल्या चार आज्ञाधारकपणे ट्रेमध्येच राहिल्या. मी हात थोडा वर नेला. पाचवी उडाली, त्यांच्या चहाच्या कपावर आदळली आणि थोडा चहा माझ्या कोऱ्या फॉर्मवर सांडला.

त्यांनी फोन खाली ठेवला. त्यांना कळायला वेळ लागला नाही. हुशार आहेत, म्हणूनच राग येतो.

“हा ट्रे कोणाच्या रिपोर्टवरून आला?”

“माझ्या.”

“मग कामगाराचीच चूक की. फक्त कामगार बदलला.” त्यांनी दुसरा फॉर्म पुढे केला. “लिहा स्वतःचं नाव. आणि उद्यापासून टेबलावर बसा. मी सांगेपर्यंत. बघू, शिकलेल्या हातांना किती मिश्या सापडतात.”

मी नाव लिहिलं. शनिवारी बाई बदलली नाही. ट्रे गेले. भिंतीवरची माझी सूचना त्या पोरीने फाडली आणि मागच्या बाजूला रांगोळीचे ठिपके काढले.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी मला टेबलावर जागा मिळाली ती म्हशाच्या बाईच्या शेजारी, कारण तिथे कोणाला बसायचं नसायचं, ती कोपर मारते. मला वाटलं होतं, निदान आज तरी ती बरं बोलेल.

“एक आयकून ठेव,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “आमच्या हातातलं तूच काढलंस, तूच परत घातलंस. उपकार नाय केलेस.”

“नाही,” मी म्हणाले.

“आनि भिंग ठेव खाली. नवरी बघाया आलीस का चष्मा लावून?”

पहिले काही दिवस मी काहीच धड केलं नाही. चांगल्या रिंगा मनगटात घातल्या, वाईट पिशवीत टाकल्या. संध्याकाळी ती माझी पिशवी सगळ्यांसमोर टेबलावर उपडी करायची. “इंग्लिशची पिशवी परत बघा गो. गावभर पानी गळंल.” मग आठही जणी माझ्या चुका शोधायच्या, आणि सापडली की ती रिंग माझ्या पुढ्यात टाकायच्या. मी एसटीत बसून सापगाव येईपर्यंत त्यांना मनातल्या मनात उत्तरं द्यायचे. उत्तरं फार सुंदर असायची. घरी आई विचारायची, काय गं, आज काम कसं झालं? मी म्हणायचे, बरं.

मी डोळे ताणून रिंगेकडे बघितलं की ती माझ्या हातावर चापट मारायची, खरोखरची, लागणारी. “डोळ्यांनी नाय. तांदूळ निवडताना खडा बोटाला लागतो का डोळ्याला?” मी घरी कधी तांदूळ निवडले नव्हते. हे तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

नंतर एका दुपारी माझी बोटं थांबली. मी थांबवली नव्हती. रिंग फिरत होती आणि अंगठा एका जागी अडला. मी बघितलं तर काही दिसलं नाही. नखाने खरवडलं तेव्हा केसाएवढी मिशी उभी राहिली. मी ती रिंग मनगटात घातली आणि दुसरी उचलली.

बराच वेळ गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या दुपारी मी मनात एकही वाक्य जुळवलेलं नाही. लहानपणापासून डोक्यात जी तयारी चालू असते, कोण काय विचारेल, आपण काय म्हणायचं, ती थांबली होती. हात काम करत होते आणि मी त्यांच्यासोबत होते, एवढंच. संध्याकाळी तिने माझी पिशवी उपडी केली, हात फिरवला आणि सगळ्या रिंगा परत भरल्या. मी एसटीत बसले तेव्हा द्यायला उत्तर नव्हतं. याला आनंद म्हणतात का, मला माहीत नाही. मला ते कोणाला सांगायचं नव्हतं.

मग तो आनंदवाला माणूस आला. मुंबईहून, निळं जाकीट घालून. सगळ्यांना मोठ्या शेडमध्ये बसवलं, डोळे मिटायला लावले आणि विचारलं, कामातला तुमचा सर्वांत आनंदाचा क्षण कोणता? पिवळ्या चिठ्ठीवर लिहा. म्हशाच्या बाईला लिहायचं नव्हतं, तिने बसल्या जागेवरून सांगितलं, “सुटल्याची घंटा.” शेड हसली. माणूसही हसला आणि म्हणाला, वा, प्रामाणिक उत्तर. मी चिठ्ठी कोरी दिली.

त्याच दुपारी मॅनेजरनी मला बोलावलं. “शिक्षा संपली. उद्यापासून आडोशामागे बसा.”

“नको,” मी म्हणाले. हे एक वाक्य मला जुळवावं लागलं नाही.

मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला ते नको म्हटल्याचा पश्चात्ताप झाला. ते खूश झाले होते. निळ्या जाकीटवाल्याला त्यांनी हाक मारली. “हे बघा, पदवीधर मुलगी, स्वतःहून टेबलावर. याला म्हणतात कामातलं समाधान.” फळ्यावर फोटो लावायचं ठरलं, मोठा, दारासमोर. खाली माझं नाव आणि एक सुविचार.

दोघं फोन घेऊन तपासणीच्या खोलीत आले. “बांगड्या दाखवा,” मॅनेजर म्हणाले. ज्या बांगड्या त्यांनी बंद केल्या होत्या त्या. “हात वर करा सगळ्यांनी. मॅडम मध्ये. हसा.”

कोणी हात वर केला नाही. म्हशाची बाई खिडकीबाहेर बघत रिंग फिरवत होती. ओठ न हलवता ती फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, “दात दाखवलेस तर जागा बदल. फोटूवाली माझ्या शेजारी नको.”

ती गंमत करत नव्हती. तिने गंमत केली असती तर सगळ्यांना ऐकू आली असती. मी मान खाली घातली, डावा हात टेबलाखाली घेतला आणि उजव्या हाताने पुढची रिंग उचलली.

“मॅडम, इकडे बघा. एकच मिनिट.”

रिंग बोटांतून फिरत होती. अंगठा अडला. मी टेबलाखालीच ती मनगटात सरकवली.

“मॅडम?”

शेजारून कोपर लागलं, नेहमीपेक्षा जोरात. ढीग माझ्या बाजूला कमी झाला होता. तिने तिच्या पुढ्यातला थोडा माझ्याकडे ढकलला.