रोवण्यातला ताप

दिघोरीत हिवतापाचा कर्मचारी घरोघर येई. ताप कोणाला आला का विचारी आणि दारावर पेन्सिलीनं तारीख टाकून जाई. धानाच्या रोवण्यात, म्हणजे लावणीत, मात्र सगळी माणसं शेतात अन् घरं कुलूपबंद, म्हणून त्या महिन्यात गावात ताप शून्य.

एका साली नवा माणूस आला. सायकल शेताच्या धुऱ्यावर टाकून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो सरळ आम्ही रोवत होतो त्या चिखलाच्या बांधीत उतरला. माझं चिखलाचं बोट त्यानं आपल्या पिण्याच्या पाण्यानं धुतलं, टोचलं, थेंब काचेवर घेतला आणि ती काच उन्हात धरून बघत राहिला.

त्या वर्षी गावात हिवताप निघाला. मलाही निघाला. गोळ्या द्यायलाही तो बांधीतच आला. तापाचा आकडा वाढून गाव मागं पडलं म्हणून दवाखान्याच्या बैठकीत साहेबांचं त्यालाच ऐकावं लागलं.

मी विचारलं, "भाऊ, तुमी आले अन् गाव बिघडलं का?"

तो कसनुसा हसला. "मले बी समजून नाही राहिलं, बाई. शोधलं तं सापडते. नाही शोधलं तं गाव चांगलं."

पुढं त्याची बदली झाली. यंदा पुन्हा ताप शून्य, म्हणतात. आनंद मानावा की नाही, मला कळत नाही. रोवणाभर आमच्या दाराला कुलूप होतं. परतल्यावर पाहिलं, तर कुलुपाशेजारी तारीख टाकलेली होती.