धोंड्याच्या महिन्यातला मंडप

आमची गल्ली पूर्वी खरोखर गल्ली होती. मग कुणा शहाण्याला शोध लागला की बसस्टँडाकडून माजलगाव रोडला निघायचं तर चौकातली गर्दी टाळून इथून घुसता येतं. झालं! सकाळी सातपासून रिक्षा, मोटारसायकली, पाण्याचे टँकर, आणि उसाच्या हंगामात वाट चुकलेला एखादा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट. समोरासमोर आले की कुणीच मागं सरत नसे. हॉर्न वाजवायचे आणि आमच्याकडे असं बघायचे, जणू आम्हीच त्यांच्या रस्त्यात घरं बांधलीत.

मी तहसिलीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. माझं हत्यार एकच, अर्ज. गतिरोधकासाठी इतके अर्ज केले की अखेर तो मंजूर झाला. पण बसवायचा कुणाच्या दारापुढं? गाड्या आदळल्याचा आवाज कुणालाच नको. प्रत्येकाला गतिरोधक हवा होता, फक्त शेजाऱ्याच्या दारात. माणसं आली, खडू घेऊन सहा ठिकाणी रेघा मारल्या, सहा ठिकाणी भांडणं ऐकली आणि परत गेली. खोटं कशाला सांगू, त्यातलं एक भांडण माझं होतं.

त्याची शिक्षा मला घरातच मिळाली. माझी आई ऐंशीच्या घरातली. समोर भुसार दुकानवाल्या काकू राहतात, तिच्या चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रीण. दुपारी पदर खोचून तिकडं जायचं, ओट्यावर बसून दोघींनी शेंगा फोडायच्या आणि अख्ख्या गावाची खबर घ्यायची, हा तिचा नेम. दोन वर्षांपूर्वी रस्ता ओलांडताना एक मोटारसायकल तिला घासून गेली. हाड मोडलं नाही, पण आई रस्त्यातच बसली. त्या दिवसापासून तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. मी हात धरून नेतो म्हटलं, तरी नाही. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना पायऱ्या उतरवत नाहीत. मग दोघी आपापल्या ओट्यावर बसून एकमेकींना फोन करत. मध्ये वीस फूट रस्ता. टँकर आला की दोघी गप्प बसायच्या आणि तो गेला की पुढचं बोलायच्या. हे बघून मला फार वाईट वाटायचं आणि राग यायचा, पण कुणावर काढायचा ते कळत नसे.

यंदा उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लग्न लागत नाही, म्हणून त्याआधीच्या शेवटच्या तिथीला शेजारच्या मुलीचं लग्न उरकलं. मंडप अर्थातच रस्त्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्या दिवशी मंडपवाला आला, खांबाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आता महिनाभर तारीखच न्हाई. गोदामात ठिवायला जागा न्हाई. राहू द्या की हितंच, लई ऊन हाय."

राहू दिला. एवढीच आमची चूक, पण काय गोड चूक होती! आमच्याकडं पोलिसानं अडवलं तर माणूस वाद घालतो, पण मंडपाशी वाद घालत नाही. मंडप दिसला की भले भले टँकरवाले निमूट मागं फिरतात. एक रिक्षावाला तर "नवरदेव आला का?" असं आदबीनं विचारून गेला. तिसऱ्या दिवशी गल्लीत चिमण्या ऐकू आल्या. चौथ्या दिवशी दुपारी मी झोपेतून उठलो तर आईची खुर्ची रिकामी. घाबरून बाहेर धावलो. मंडपाच्या सावलीतून चालत आई पलीकडं पोचलीसुद्धा होती. काकूंच्या ओट्यावर शेंगांचं सूप मधे घेऊन दोघी बसल्या होत्या. मी तसाच घरात येऊन चहा टाकला, आणि साखर घालायची विसरलो.

पंधरा दिवस असे सुखात गेले. मग आमचं पितळ उघडं पडलं, ते गावच्या गुरुजींमुळं. स्कूटीवरून आले, मंडप बघून ब्रेक दाबला.

"धोंड्यात लग्न? कुणी लावलं?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की या गल्लीत अधिक महिन्यात लग्न लागलं, म्हणजे नक्कीच काहीतरी भानगड आहे. आता मंडपाला कारण हवं होतं. आमच्या सौ.नी ते काढलं: सगळ्या गल्लीच्या जावयांना एकत्र धोंड्याचं जेवण! धोंड्यात जावयाला वाण द्यायचंच असतं, मग मंडपात का नाही? दोन दिवस घरोघरी धोंड्यांसाठी पुरण शिजलं, तेहतीस-तेहतीस अनारसे तळले गेले.

जावई पाटावर बसले आणि नगरपरिषदेचे तरुण इंजिनिअर दाखल झाले. रस्ता अडवल्याची तक्रार गेली होती. बायकांनी त्यांना आधी पाटावर बसवलं.

"मी बी या तालुक्याचाच जावई हाय," ते हसून म्हणाले, "पण धोंडे खाऊन नियम बदलत न्हाई. मंडप किती दिवसापासून हाय?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी घसा साफ करून "या जेवणासाठीच..." अशी सुरुवात केली, तर आईनं मला मधेच तोडलं.

"ताकाला जाऊन भांडं कावून लपवायचं? लग्न कवाच झालं, साहेब. दोन वर्षं झाली, ह्या गाड्यांच्या भ्यानं मी समोर गेले न्हाई. मंडप हाय म्हणून जाते. तुमी मंडप काढणार, काढा. पण मग मी कशी जाऊ, तेवढं सांगा."

इंजिनिअरांनी हातातला घास ताटात ठेवला. "आजी, मंडप काढावाच लागंल. उद्या दवाखान्याची गाडी आली तर?" जेवण झाल्यावर ते गल्लीच्या दोन्ही तोंडांना जाऊन आले आणि तोडगा सांगितला. तिथं खांब रोवायचे, मधला काढता येईल असा, त्याची किल्ली गल्लीतच ठेवायची. मोटारसायकल जाईल, टँकर जाणार नाही. आणि आमच्या दारापासून काकूंच्या दारापर्यंत रस्ता गतिरोधकासारखा उचलून पट्टे मारायचे. "दारापुढं चालंल का, काका?" त्यांनी विचारलं. या वेळी मी भांडलो नाही.

धोंडा संपायच्या आधी काम झालं. खांब बसले त्या दुपारी मंडप सुटला. रस्त्यावर लख्ख ऊन पडलं. आई दारात आली आणि थांबली. "मंडप न्हाई," एवढंच म्हणाली. मी हात पुढं केला, तिनं तो घेतला नाही. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मला वाटलं, संपलं सगळं, पुन्हा फोन सुरू होणार.

तेवढ्यात समोर काकू भिंतीला धरून एकेक पायरी उतरू लागल्या. कितीतरी वर्षांत मी त्यांना रस्त्यावर पाहिलं नव्हतं. पट्ट्यांवरून डुलत डुलत त्या मध्यापर्यंत आल्या आणि दम लागून तिथंच उभ्या राहिल्या. एक मोटारसायकल आली, हळू झाली, थांबली. पोरानं गाडी बंद केली.

"अगं बाई, मधेच कशाला उभी राहिलीस!" आई ओरडली. "गुडघे तरी हायेत का तुला?" आणि ओरडतच पायऱ्या उतरली. काकूंचा दंड धरायला सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आपण कुठं उभ्या आहोत याचं तिला भानच नव्हतं.

"दम खा," काकू म्हणाल्या. "आधी सांग, शेजारच्या त्या नव्या जावयाला अनारसे आवडले का?"

मोटारसायकलवाला माझ्याकडं बघू लागला. माझे डोळे भरून आले होते. मी त्याला हातानंच खूण केली: थांब बाबा, बोलू दे त्यांना.