शेपटीसकट पाकट

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, राहतो वसईतल्या एव्हरशाईन सिटीत. मुशी म्हणजे शार्क, आणि पाकटं म्हणजे ते चपटे, चाबकासारख्या शेपटीचे मासे; यांची जात ओळखायचं एक सचित्र पुस्तक घेऊन मी रविवारी सकाळी वसईच्या बंदरावर जायचो. मुशीचं जमायचं. पाकटांनी मात्र डोकं फिरवलं. पुस्तक म्हणे, शेपटीची लांबी मोजा, तिच्यावरचे पट्टे बघा, खालची झालर तपासा. आणि इथे एकाही पाकटाला शेपूट नाही. बोटीवर घेतलं की पहिला कोयता शेपटीवर, तुकडा समुद्रात. तिच्यात विषारी काटा असतो म्हणून. बंदराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत ही, आणि मी दीडशहाणा तिच्यावर चिडत होतो.

ओळखीच्या एका तांडेलाच्या मी हात धुऊन मागे लागलो. त्याची स्वतःची मासेमारीची बोट होती, तोच ती चालवायचा. "दादा, एक तरी शेपटीसकट आणा." तो हसून टाळायचा. शेवटी कंटाळला असेल बिचारा. एका रविवारी त्याने परातीएवढं जिवंत पाकट वाळूवर आणून टाकलं.

मी गुडघ्यावर बसलो, पुस्तक उघडलं, टेप काढली. शेपटी वळवळत होती. "जरा सरळ धरा हो," पुस्तकातून डोकंही वर न काढता मी म्हणालो. त्याने धरली. फटका मला दिसलाही नाही. काटा त्याच्या उजव्या तळहातात शिरून पलीकडे निघाला होता. काट्याला उलटे दात. त्याने हिसडला तसं मांसही बाहेर आलं. तो गुरासारखा ओरडला. त्याची बायको धावत आली, हात पदरात गुंडाळून त्याला रिक्षाकडे ओढत घेऊन गेली.

मी काय केलं? बोटीतलं दांडकं उचललं आणि पाकटाला हाणत सुटलो. शिव्या घालत, रडत, त्याचा पार चेंदामेंदा होईपर्यंत. खरं तर मला स्वतःलाच बडवायचं होतं.

विष चढलं. ज्या हाताने तो जाळं ओढायचा, त्याचीच दोन बोटं काळी पडली, कापावी लागली.

हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी जाऊन उभा राहिलो. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यानेच विचारलं, "मास्तर, कोनती जात निघाली ती?"

"नाही कळली," मी म्हणालो. "ओळखण्यासारखं काही ठेवलंच नाही मी. ठेचून टाकलं."

त्याने पट्टी बांधलेला हात उचलून माझ्यासमोर धरला.

"मंग माझी बोटं कशाला गेली?"