बुधवारी अक्का पुढे

पोह्यांच्या ताटल्या ठेवलेल्या बाकावरच उघडा पाय ठेवून, काळं पडलेलं नख चारचौघांना कौतुकाने दाखवणारा माणूस मी धुळ्यात पाहिला. चाळिशी उलटलेला, घरचं कापडाचं दुकान, चांगला शिकलेला. बाकीचे ते नख वाकून बघत होते आणि पोहे खात होते. मला तेव्हाच शिसारी यायला हवी होती. मी मात्र विचारलं, "किती किलोमीटरनंतर झालं असं?"

धावणाऱ्यांच्या त्या ग्रुपात मी दोन वर्षं होतो. नोकरीत बदली धुळ्याला झाली, बायको-मुलं जळगावलाच राहिली आणि मी थोरल्या बहिणीच्या घराजवळ एक खोली घेतली. जेवण अक्काकडे. अक्का तेव्हा एकोणसाठची. तिला साखर निघाली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि दाजींनी 'घरात दिवसभर चालतेच की' म्हणून विषय संपवला होता. शेवटी मीच तिला बूट आणून दिले. पंजाबी ड्रेस तिने आयुष्यात पहिल्यांदा घातला तो पळण्यासाठी. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत डोक्यावरून ओढणी घेऊन, मान खाली घालून माझ्या मागे मागे आली.

पांझरेच्या काठाला लागल्यावर तिने मान वर केली. "मी पयसू," म्हणाली, "पन तू बोलत ऱ्हाय."

आम्ही बोलतच पळायचो. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी तीन किलोमीटर, त्यातलं निम्मं चालणं. आमच्या धरणगावच्या शेतातला कापूस, कोणत्या चुलत्याने कोणाशी बोलणं टाकलं, तिच्या सासूने तिला पहिल्या वर्षी माहेरी का धाडलं नव्हतं, असलं सगळं. यातलं पुष्कळसं मी पन्नाशीपर्यंत कधी विचारलंच नव्हतं. आठेक महिन्यांनी तिची साखर उतरली आणि डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. त्या दिवशी तिने मला कळण्याची भाकरी आणि भरीत पोट फुटेस्तोवर खाऊ घातलं. "उरेल अर्धी बी बंद करसू," म्हणाली. तेवढंच तिला हवं होतं. ती अर्धी गोळी सुटणं.

मग ग्रुपात स्पीड आला. कापडवाल्या साहेबांनी मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ बघितले आणि स्वतःच आमचे मार्गदर्शक झाले. बुधवार स्पीडचा. कॉलेजच्या मैदानावर चारशे मीटर जीव तोडून पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सहा वेळा. तोंडात सारखं इंटरव्हल आणि टेम्पो, म्हणजे दम लागेल अशा एकाच वेगात पळत राहणं. जे काही जण महिनाभरापूर्वी जिना चढताना धापा टाकत होते, ते आता 'टेम्पो' म्हणताना ओठ असे काही मुडपायचे की बघवत नसे.

आठवड्याला जेमतेम दहा किलोमीटर पळणाऱ्याने स्पीड करावा का? मला कोणी विचारलं तर मी आधी विचारतो, कशासाठी? मला फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. पाच किलोमीटरला अडतीस मिनिटं लागायची, ती चौतिसावर आली. पण आठवड्यात आणखी एक दिवस आरामात पळलो असतो तरी बहुतेक तेवढंच झालं असतं. फक्त आरामात पळण्याचा फोटो कोण टाकतो? आम्ही सगळे खुर्चीत बसून पोट सुटलेले लोक, आमच्यावाचून जगात कुठे काही खोळंबलं नव्हतं, आणि चार सेकंदांवरून एकमेकांकडे आंबट तोंडाने बघायला लागलो होतो. या सगळ्याचा मला वीट आला आहे. सगळ्यात जास्त किळस येते ती माझी मला, कारण अक्काला तिथे मी नेलं, मोबाइलवरच्या ग्रुपातही मीच घातलं.

ती नको म्हणत होती. "माले कसाले?" मी सांगितलं, जोरात पळालीस की साखर लवकर जाईल. या बोलण्याला काडीचाही आधार नव्हता. बुधवार आमच्या तीन दिवसांतला एक होता आणि मला स्पीड चुकवायचा नव्हता, एवढंच खरं कारण.

आता आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला मागे टाकून कोणी पुढे जात नाही. दारातून आत शिरतानाही नाही आणि पंगतीतही नाही. तिच्या पहिल्या बुधवारी मैदानावर वेगवान लोक पुढे आणि बाकीचे मागे, अशी रांग ठरली होती. अक्का बरोब्बर शेवटी जाऊन उभी राहिली. ते बघून एकाला लाज वाटली. "अक्का, तुम्ही मागे कशा? पुढे या ना!" सगळ्यांनी री ओढली. मार्गदर्शकांनी तर हात जोडून जागा करून दिली.

शिट्टी वाजली. अक्का पुढे आणि आम्ही चौदा जण मागे. तिला ओलांडायची कोणाची हिंमत नाही आणि सावकाश पळायची कोणाची तयारी नाही. सगळे तिच्या टाचेला लागलेले, फुसफुसत, थुंकत, घामाच्या आंबूस वासासकट. वरून "शाब्बास अक्का!" आणि "चला अक्का!" मान दिला होता ना आम्ही तिला. मी तिच्या लगेच मागे होतो. तिची ओढणी सुटून जमिनीला लागत होती, ती सावरायलाही ती थांबली नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी घड्याळात बघत होतो.

तिसऱ्या फेरीत ती पोटरी धरून खाली बसली. मागून कोणीतरी दगड मारला असं वाटलं, असं तिने नंतर डॉक्टरांना सांगितलं.

आणि मी काय केलं? वाकायच्या आधी घड्याळाचं बटण दाबलं. सरासरी बिघडू नये म्हणून. बोटाला सवयच तशी लागली होती. तिने ते खालून बघितलं.

"तुन्हं घड्याय थांबनं का रे?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटलं, आपल्यामुळे ते बंद पडलं.

रिक्षात मी तिच्यावरच चिडलो. दम लागल्यावर थांबायचं ना! ती पाय हातात धरून बाहेर बघत होती. "मांगे बठ्ठा लोक व्हतात," म्हणाली. "थांबसू कशी?"

संध्याकाळी ग्रुपवर मार्गदर्शकांचा मेसेज आला. अक्कांचा वॉर्मअप कमी पडला, लवकर बऱ्या व्हा, आणि त्याच्याखाली पुढच्या बुधवारचं वेळापत्रक. मला मोबाइल भिंतीवर फेकावासा वाटला. मी वेळापत्रक वाचलं.

पोटरी दोन महिन्यांत बरी झाली. अक्का मात्र पुन्हा निघाली नाही. मी दर दोन-चार दिवसांनी जायचो, हळू जाऊ, बोलत जाऊ, म्हणायचो. कधी पाहुणे, कधी दाढ, कधी पापड. दाजी पेपरातून डोकं वर न काढता "सांगितलं होतं" म्हणायचे. अर्ध्या गोळीची पुन्हा अख्खी झाली आणि थंडी सुरू होईपर्यंत तिच्या जोडीला दुसरी आली. तिने ती दुसरी गोळी मला दाखवली नाही, डब्यात माझ्याच हाताला लागली.

एका रविवारी सकाळी मी हट्टच धरला. दारातच बसून राहिलो, बूट घाल म्हणालो. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू जाय. मन्हामुये तुन्हा टाइम खराब व्हस."

मी तिथेच बसायला हवं होतं. मी उठलो आणि गेलो. हवा थंड होती, सोबतीला बोलायला कोणी नव्हतं, आणि पाच किलोमीटर बत्तीस मिनिटांत झाले. आजवरची माझी सगळ्यात चांगली वेळ. नदीकाठी उभं राहून मी घामेजल्या तोंडाचा फोटो काढला आणि वेळेसकट ग्रुपवर टाकला.

अक्काला त्या ग्रुपमधून कोणी काढलं नव्हतं. पहिला अंगठा तिचाच आला.