बंडीआधी पोचलेलं जू

देवीदास माळ्याला कुणी "कसं काय चाललं" असं विचारलं, की काय चाललंय ते तो सांगत नसे. पुढं काय करणार, ते सांगे. अंजनगाव सुर्जीच्या शिवेला लागून त्याचा भाजीचा मळा. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. वांग्याचं रोप अजून बोटभर नसायचं, तेव्हा ती वांगी कोणत्या बाजारात, कोणत्या झाडाखाली बसून विकायची हे याचं ठरलेलं असायचं. लेकीच्या लग्नात त्यानं पंगतींचा असा काही बेत आखला, की सगळ्या पंगती बरोबर बसल्या आणि बरोबर उठल्या. नवरदेव तेवढा जेवायचा राहिला. व्याह्यांनी ती गोष्ट अजून धरून ठेवली आहे आणि मीही विसरू देत नाही.

बेत आखण्यात वाईट काही नाही. पण देवीदासला बेत पोटात ठेवता येत नसे. न सांगितलेला बेत त्याला बिनमिठाच्या वरणासारखा लागे. म्हणून तो सांगे, आणि सांगून झाल्यावर इकडंतिकडं पाहून म्हणे, "कोणाले सांगू नका, बरं."

त्याची बायको मनकर्णाबाई बरोबर उलटी. बोलायची थोडं. पण ती बोलायला लागली की देवीदास आधी आपलं पागोटं शोधायचा.

या मनकर्णाबाईचा एक नवस अडकून पडला होता. नातवाला देवी आल्या, तेव्हा ती बोलून गेली की पोरगं उठलं तर सातबहिणीच्या डोंगरावर जाऊन सातही बहिणींना माझ्या हातानं माळ घालीन. पोरगं उठलं, मळ्यातली काकडी चोरून खाण्याइतकं धडधाकट झालं. पण त्याच साली मनकर्णाबाईचा पाय मोटेच्या दोरात अडकला आणि गुडघा गेला. घरात, मळ्यात ती चाले. एकदा डोंगरही चढली असती. पण कोसभर वाळू तुडवून मग डोंगर, हे दोन्ही त्या गुडघ्याला होणारं नव्हतं.

वाळू कुठून आली, तेही सांगतो. अंजनगावच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे, त्याच्या पहिल्याच रांगेत हा डोंगर. वर टाकं, टाक्याच्या काठावर शेंदराचे सात दगड. चैत्री पुनवेला दर्यापूर-अकोटपर्यंतची माणसं येतात. सकाळी चढायचं, टाक्यावर आंघोळ, नैवेद्य, आणि उन्हं कलली की उतरायचं. पूर्वी पायथ्याशी कुणी कुठंही बंडी सोडायचा. पुढं नागपूरच्या सरकारानं ते जंगल राखीव केलं आणि नाका बसवला. नाक्याच्या आत मोहाची थोडी झाडं. त्यांच्या सावलीत मावतील तेवढ्याच बैलबंड्या आत. बाकीच्यांनी मागं कोसभर लांब, कोरड्या नदीच्या पात्रात बैल सोडायचे. मागच्या दोन्ही यात्रांना देवीदासची बंडी पात्रातच राहिली. दोन्ही वेळा माळा दुसऱ्यांच्या हाती वर गेल्या, आणि मनकर्णाबाई बंडीच्या सावलीत बसून दुसऱ्यांचे बैल राखत राहिली.

त्या साली फाल्गुनातच ती म्हणाली, "यंदा जमलं तं जमलं. पुढच्या साली हा गुडघा मले वर नाई नेत."

देवीदास दोन दिवस गप्प होता. लोकांना वाटलं, ताप आला. तिसऱ्या दिवशी गुरांच्या कोठ्यातून तो बंडीचं एक जुनं जू ओढत बाहेर आला.

आता आमच्याकडं जुवाचा एक रिवाज आहे. यात्रेत ज्याचं जू जिथं टेकलं, ती जागा त्याची. दुसऱ्याच्या जुवाला कुणी हात लावत नाही, त्याच्यावरून चाक नेत नाही. पोळ्याला ज्याची पूजा करायची ते लाकूड ओलांडायचं कसं? पण आजवर जुवामागं बंडी असायची, बंडीसोबत बैल असायचे. नुसतं जू पुढं पाठवावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आदल्या दिवशी हे नेऊन मोहाखाली टाकतो," देवीदास म्हणाला. "पुनवेले आपण निवांत जाऊ. जागा आपली वाट पाह्यत राहीन."

मनकर्णाबाईनं जुवाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "बेत चांगला हाये. फक्त तोंड बंद ठेवजा."

"मी कोणाले सांगून राहिलो?"

संध्याकाळपर्यंत त्यानं पंजाबरावला सांगितलं. पंजाबराव त्याचा चुलतभाऊ, शेजारचाच मळेवाला. जू उचलायला दुसरा माणूस लागणार होता, तेव्हा त्याला सांगणं भागच होतं म्हणा. पण नत्थुजी न्हाव्याला सांगायची काय गरज होती? दाढी करताना न्हाव्यानं गाल ताणला म्हणून काय बेत बाहेर सांडायचा? मला हे तिघांकडून कळलं. तिघांनीही कोणाला सांगू नको म्हणून बजावलं. मी नाहीच सांगितलं. सांगायला कोणी उरलंच नव्हतं.

पुनवेच्या आदल्या दिवशी दोघं भाऊ ते जू घेऊन नाक्यावर गेले. पायवाटेला सगळ्यात जवळचा मोह निवडला आणि त्याच्या बुंध्याशी जू ठेवलं. देवीदासनं वर कुंकवाचं बोटही लावलं.

नाकेदार पाहत होता. "बंडी कुठी हाये?"

"येऊन राहिली."

"कधी?"

"उद्या."

नाकेदारानं विचार केला. त्याच्या हुकुमात बंड्यांचं लिहिलं होतं, जुवांचं काही नव्हतं. तो आपला तंबाखू मळत आत गेला.

पुनवेला आम्ही उजाडता उजाडता निघालो. आम्ही म्हणजे हे नवराबायको, पंजाबराव, आणि बंडीच्या मागच्या बाजूला पाय लोंबकळवून मी. मनकर्णाबाईच्या मांडीवर माळांची टोपली होती, वर ओलं फडकं. नदीच्या पात्रात बंड्या सुटत होत्या. देवीदास त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहत होता, जसा घरजावई भाड्याच्या घरातल्या माणसाकडं पाहतो. एकाला तर तो म्हणालाही, "इथीच सोडता का? बरं बरं. हवा चांगली हाये."

पात्र ओलांडून जरा पुढं गेलो तर रस्ता तुंबलेला. बंडीला बंडी लागलेली, बैल एकमेकांच्या कडब्याला तोंड लावताहेत. आम्ही तिघं पुरुष उतरून नाक्यापर्यंत चालत गेलो.

मोहाखाली एकही बंडी नव्हती. नुसती जुवं. या झाडापासून त्या झाडापर्यंत, आडवी, उभी, एकमेकांना खेटून. बंडीची जुवं, वखराची जुवं, एक तर मधोमध मोडलेलं, दोरीनं बांधून आणलेलं. एका शहाण्यानं बाभळीचं सोललेलं लाकूडच टाकून त्याला हळद फासली होती. देवीदासचं जू ठेवलं होतं तिथंच होतं, पार आत, पायवाटेजवळ. पण तिथपर्यंत बंडी न्यायची तर इतकी जुवं चाकाखाली घ्यावी लागली असती. आणि एकजणही आपलं उचलायला तयार नव्हता, कारण आधी जो उचलेल त्याची जागा गेली.

"हा पाहा, ज्याचा बेत तो आला," अकोटकडचा एकजण म्हणाला. म्हणजे बातमी अकोटपर्यंत गेली होती.

"देवीदास, आता पुढच्या साली जुवाची नुसती शिवळ पाठव बाप्पा."

"सांगजो मात्र आधी."

माणसं हसत होती. देवीदास हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं मागं वळून पाहिलं. लांब बंडीत मनकर्णाबाई बसली होती. तिनं टोपलीवरचं फडकं काढलं, पाणी शिंपडलं, पुन्हा झाकलं. ऊन चढायला लागलं होतं.

मग देवीदासनं जे केलं, त्याचा बेत त्यानं कुणालाही सांगितला नव्हता, कारण तो त्याच्याजवळही नव्हता. जुवांमधून पाय चुकवत तो आत गेला, आपलं जू उचललं आणि खांद्यावर घेऊन परत आला. त्याची पाठ वळली तशी शेजारच्यानं आपलं जू तिथं सरकवलं. देवीदासनं वळूनही पाहिलं नाही.

बंडीपाशी येऊन त्यानं बैल सोडून कडेच्या झाडाला बांधले, घोंगडी काढली आणि तिची दोन्ही टोकं जुवाला बांधली. झोळी झाली.

"बस."

मनकर्णाबाई म्हणाली, "लोक हासतीन."

"हासूनच राहिले. नवीन काय हाये त्याच्यात? बस."

ती टोपलीसकट झोळीत बसली. देवीदासनं एक टोक खांद्यावर घेतलं. "पंजाब, लाग तिकडून."

"मी काहून?" पंजाबराव म्हणाला. "मी तं एकालेच सांगतलं होतं."

मनकर्णाबाईनं झोळीतून मान वर केली. "कोणाले, भाऊजी?"

पंजाबरावनं खाली वाकून खांदा दिला.

पंजाबराव उंच, देवीदास बुटका. झोळी सारखी देवीदासकडं घसरायची. रस्ताभर लोकांनी बाजूला होऊन वाट दिली आणि फुकटचे सल्ले दिले. "उजवा ओढते, डावा अंग चोरते." "टोचाले पराणी देऊ का, बाई?" मनकर्णाबाई खाली मान घालून माळा सांभाळत होती. पण मोहापाशी आल्यावर डावा खरंच अंग चोरायला लागला, तेव्हा ती हळूच, बैलाला हाकारावं तशी म्हणाली, "भाऊजी, हो हो." तिचा आवाज मागं चालणाऱ्या मलाच ऐकू आला. तेवढा पुरे होता. रात्रीपर्यंत तो सगळ्या पात्राला ऐकू आला.

पायवाटेशी त्यांनी तिला उतरवलं. तिथून पुढं ती कुणालाही हात लावू देईना. काठी टेकत, दर वळणावर बसत ती चढली. आम्ही मागून तिच्याच चालीनं. वर पोचेतो टाक्यावरची गर्दी ओसरली होती. तिनं सातही दगडांना आपल्या हातानं माळा घातल्या. शेवटची माळ घालताना तिचे ओठ हलले. देवीदास म्हणतो, तिनं माझं नाव घेतलं. पंजाबराव म्हणतो, गुडघ्याचं काहीतरी होतं. ती दोघांनाही सांगत नाही.

उतरताना गुडघा सुजला. पुन्हा झोळी, पुन्हा ते दोघं. बंडीपाशी आलो तेव्हा दोघांच्या खांद्यांची सालं निघालेली. देवीदास चाकाला टेकून बसला आणि बसल्या बसल्या बोलायला लागला, "पुढच्या साली असं करू..."

मनकर्णाबाईनं नैवेद्याचं उरलेलं तूप काढलं, त्यात हळद कालवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती बैलांचे खांदे मळते तशी, आधी नवऱ्याचा खांदा चोळला, मग दिराचा. आणि बैलांना म्हणायचं ते, अगदी त्याच सुरात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

झाडाला बांधलेल्या खऱ्या बैलांनी कान टवकारले. देवीदासचं पुढच्या सालचं बोलणं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव खरंच जेवायला गेला. पुरणाच्या पोळ्या होत्या. मीही गेलो होतो. मला आवतन नव्हतं, पण बंडीत मी होतोच की.