कंगवा

आमच्या ह्यांना 'कंगवा' हा शब्द आठवला नाही, तेव्हा मी आधी हसले. आरशासमोर उभे राहून म्हणाले, "अगं, ते दे ना... केसांतून फिरवायचं ते." उभा जन्म सलून चालवलेल्या माणसाच्या तोंडी हे! म्हटलं, चेष्टा करताहेत. मग आरशात त्यांचा चेहरा दिसला. चेष्टा नव्हती ती.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून गेल्या वर्षी दुकान सोडलं. दुकानात ह्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड सुरू. कुणाच्या जावयाची बदली झाली, कुणाची सून रुसली, सगळं ह्यांना पाठ. गिऱ्हाईक केस कापायला यायचं की गप्पा मारायला, देव जाणे. घरी मात्र टीव्हीसमोर जे बसले ते बसलेच. दुपारी घोरायचं, रात्री टक्क जागं राहायचं. मी काही बोलले की नुसतं "हं".

ह्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी आमच्या जाऊबाईंना विचारायचे, "बाई, तुम्ही कोण?" तेच माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करायला लावल्या. म्हणाल्या, "रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पण दिवसभर करतात काय हे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बसतात."

"मग आधी उठवा त्यांना. चालू दे, चार माणसांत जाऊ दे, दुपारची झोप बंद. त्याने सगळं बरं होईल असं नाही म्हणत मी. पण असं गप्प बसून चांगलं डोकंही गंजतं."

घरी आले ती आधी टीव्ही बंद केला. मागच्या दारी स्टूल ठेवलं, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळली, ह्यांची दुकानातली हत्यारांची पेटी मांडीवर घेतली आणि बसले.

"कापा."

"तुझे?"

"मग काय शेजारणीचे?"

कात्री वाजायला लागली. मग मागून आवाज आला, अगदी दुकानातला.

"काय बाई, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

मागे वळून बघायची हिंमत होईना. दिरांचा तो प्रश्न कानात घुमायला लागला. कसंबसं म्हटलं, "नवरा असतो. आणि... तुमच्या?"

कात्री थांबली. मला वाटलं, संपलं सगळं.

"बायको आहे," ते म्हणाले. "महाखडूस. इथेच बसलीय, आणि सारखी मान हलवतेय. तो कंगवा दे इकडे."

काय बोलून गेले ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मीही काही बोलले नाही. बोलले असते तर तो शब्द पुन्हा पळून गेला असता, अशी धास्ती वाटली. रिपोर्ट अजून यायचे होते. पेटीतून कंगवा काढला आणि मान अजिबात न हलवता वर धरला.