खालून वाचणारे सर

आमचे सर कुणाचाही प्रोग्रॅम खालून वाचायचे. काम कसं होतं, यात त्यांना आधी रस नसायचा. काही बिघडलं तर काय करायचं, ते जिथे लिहिलेलं असतं तिथे थेट जायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न, "नाय मिळाली तर?"

म्हणजे मेमरी नाही मिळाली तर. रबाळ्याच्या छोट्या कंपनीत आम्ही डिस्कचे ड्रायव्हर लिहायचो, म्हणजे डिस्कशी संगणकाचं बोलणं घडवणारे प्रोग्रॅम. सर मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कामोठ्यात. अशी शंकेखोर माणसं तुमच्याही ऑफिसात असतील, सहलीला निघताना दुसरी बस विचारून ठेवणारी. आम्ही त्यांना पाठीमागे खूप हसायचो.

मी नवीन होते, नोकरी पक्की व्हायची होती. अडकलेल्या डिस्कला सावरणारा भाग मी लिहिला. सरांच्या सांगण्यावरून त्यासाठी थोडी मेमरी सुरुवातीलाच बाजूला काढली होती. पण क्वचित लागणारी गोष्ट कायम कशाला अडवून ठेवायची, असं मला वाटलं. सरांनी तपासून झाल्यावर मी ती ओळ बदलली. लागेल तेव्हा मागून घेऊ.

ग्राहकासमोरच्या चाचणीत डिस्क अडकली, तेव्हा मेमरी नेमकी भरलेली होती. माझ्या प्रोग्रॅमने ती मागितली आणि तो वाट बघत बसला. मेमरी रिकामी करायची तर त्यातलं आधी डिस्कवर लिहायला हवं, आणि अडकलेली डिस्क मोकळी करायलाच ती मेमरी हवी होती. सगळं यंत्र थिजलं.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "ही ओळ कुणाची?"



"तपासून सही मी केलीय," सर म्हणाले. "दोन दिवस द्या."

बाहेर आल्यावर मला रडू कोसळलं. "सर, मी नंतर बदललं होतं."

"म्हाईत हाय मला. आडचणीत मागत बसायचं नसतं गं, आधीच काढून ठेवायचं. चल, बस कामाला."

माझी नोकरी टिकली. त्यानंतर मी त्यांना कधी हसले नाही. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांच्या घरून काकूंचा फोन आला. "बाळा, ह्यांच्या छातीत दुखतंय. दवाखान्यात नेतेय. येतीस का?"

मी पोचले तेव्हा काकूंच्या मांडीवर एक पिशवी होती. टॉवेल, जुने रिपोर्ट, विम्याचं कार्ड, सगळं सरांनी कधीच भरून ठेवलेलं. वर एक कागद चिकटवला होता. त्यावर बेंगळुरूच्या मुलाचा नंबर होता. काकूंनी आधी तोच लावला होता, पण तो लागला नव्हता. खाली सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नाय लागला तर', आणि पुढे माझा नंबर.

मला त्यांनी कधी विचारलं नव्हतं. चिकटपट्टी पार पिवळी पडली होती.

मुलगा संध्याकाळी पोचला. सर दुपारीच गेले. तेव्हा त्यांच्यापाशी मी होते.